कुंपणाकडच्या तीन ओळी

टाइपिस्टबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना सगळ्यात आधी काय खायला उठलं असेल, तर ती शांतता. नगरपालिकेच्या टंकलेखन विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. आधी बारा टाइपरायटर होते, मग बारा कॉम्प्युटर आले, पण खडखड काही थांबली नाही. घरी नवरा होता तोवर रेडिओ चालू असायचा. तो गेल्यावर बाईंनी काही दिवस रेडिओ लावून पाहिला, पण ऐकलेली बातमी सांगायची कुणाला, म्हणून तोही बंद पडला. मुलगी परदेशात. दर रविवारी तिचा फोन यायचा, वीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं दोघींकडचं हवामान सांगण्यात जायची.

वसाहतीतलं शेवटचं घर बाईंचं. मागे नवऱ्याने हौसेने घेतलेला जमिनीचा एक पट्टा होता आणि पट्ट्याला लागून तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे संत्र्याची मोठी बाग. बाईंनी पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, पट्ट्यात तुती लावली, मागच्या खोलीतलं सामान विकून टाकून तिथे मांडण्या उभ्या केल्या आणि रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली. शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली. "या वयात किडे?" असं एकजण तोंडावरच म्हणाली. बाई म्हणाल्या, "किडे निदान जेवायला वेळेवर असतात."

खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. अळ्या मोठ्या झाल्या, कोष करण्याआधीचा शेवटचा आठवडा लागला, की वीस हजार तोंडं एकदम पाला कुरतडायला लागत. शेजारच्या खोलीत कुणीतरी बारीक वाळूवरून अनवाणी चालतंय, असा तो आवाज. बाई त्या दिवसांत जेवणाचं ताट घेऊन मागच्या खोलीच्या दारात बसायच्या.

माणसाचा आवाज म्हणाल तर एकच होता, आणि तो भलताच मोठा होता. बागेत ट्रॅक्टरवरचा ब्लोअर, म्हणजे औषध फवारणारा मोठा पंखा, चालवणारा ड्रायव्हर. सगळे त्याला भोंगा म्हणत. वीस वर्षं त्या पंख्यापुढे बसून त्याचा एक कान पार गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. त्यामुळे तो "बरं आहे ना?" असं विचारायचा तेही भांडण काढल्यासारखं. फवारणी आटोपली, टाकी धुतली, की तो कुंपणाकडे यायचा. पण कुंपणाला टेकायचा नाही. दहा-बारा पावलं अलीकडेच थांबायचा.

"कपड्यांवर औषध आहे, मावशी! तुमच्या लेकरांना बाधेल!"

अळ्यांना तो लेकरं म्हणायचा. लग्न त्याने केलं नव्हतं. एक बहीण होती, लांबच्या गावी. तो तिथूनच ओरडून तिच्या मुलांच्या परीक्षा, ट्रॅक्टरचा गेलेला पट्टा, रात्रीचा खोकला असं सगळं सांगायचा आणि बाई इकडून ओरडून उत्तर द्यायच्या. एकदा रविवारी मुलगी म्हणाली, "आई, तू हल्ली माझ्यावर ओरडतेस का?" बाईंना आधी कळेना. मग त्या इतक्या हसल्या की मुलगी घाबरली.

दोघांमध्ये एक ठरलेलं होतं. उद्या फवारणी असली की भोंगा आदल्या दिवशी येऊन सांगायचा. बाई मग दोन दिवसांचा पाला कापून, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायच्या. फवारणीनंतर कुंपणाजवळची तुती त्या आठवडाभर वापरत नसत. शिवाय कुंपणाकडच्या तीन ओळी भोंगा पहाटे, वारा पडलेला असताना फवारायचा, तेही ब्लोअरने नाही, हातातल्या नळीने. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तीन वर्षं असं बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी बाई सकाळी सातच्या बसने तालुक्याला गेल्या. पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागायचा. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच "जिवंत आहात ना?" असं विचारलं. बाई म्हणाल्या, "अजून तरी." तो हसला नाही. शिक्का मारून त्याने कागद परत केला.

बस परत आली तेव्हा बारा वाजले होते. वारा सुटला होता. स्टॉपवरून घरापर्यंत येताना त्यांना पदर दोनदा सावरावा लागला. अळ्यांना सकाळी सहाला दिलेला पाला संपला असणार, या घाईत त्यांनी कोयता घेतला आणि सरळ पट्ट्यात शिरल्या. कापताना डोळे चुरचुरले. उन्हातून आल्यामुळे असेल, असं त्यांना वाटलं. दोन भारे कापून त्यांनी सगळ्या मांडण्यांवर पाला पसरला, हातपाय धुतले आणि ताट घेऊन दारात बसल्या. आत खाणं जोरात सुरू झालं होतं.

चारच्या सुमाराला त्या धुतलेले कपडे घडी करत होत्या. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं म्हणून थांबल्या. आवाज विरळ झाला होता. मागच्या खोलीत जाऊन पाहतात तर अळ्या पाला सोडून मांडणीच्या कडेला आल्या होत्या. माना वर करून, हवेत काही शोधत असल्यासारख्या डोलत होत्या. कितीतरी जणींच्या तोंडातून हिरवट पाणी येत होतं. काही जणी आखडून निम्म्या झाल्या होत्या.

बाईंनी एक पान उचलून उजेडात धरलं. पानावर बारीक, वाळलेले पांढुरके ठिपके. नाकाशी नेलं आणि लगेच लांब केलं.

त्यांनी सगळा पाला काढून बाहेर फेकला. घराच्या पुढच्या बाजूला चार तुती होत्या, त्यांची पानं ओरबाडून आणली, तीन पाण्यांतून धुतली, पुसली, अळ्यांपुढे ठेवली. कुणी तोंड लावलं नाही. मग त्या हातात मावतील तेवढ्या अळ्या एकेका ताटात वेचून दुसऱ्या खोलीत नेऊ लागल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवेलागणीपर्यंत त्या हेच करत राहिल्या. नंतर न्यायला काही उरलं नाही.

सकाळी पट्ट्याच्या टोकाला त्यांनी खड्डा घेतला. टोपलीमागून टोपली रिकामी केली, वर चुना टाकला, माती ओढली. तो पाला हाताळल्यापासून हातांच्या तळव्यांना अजून मुंग्या येत होत्या. घरात शिरल्यावर त्यांनी सवयीने मागच्या खोलीकडे कान दिला आणि मग स्वतःवरच चिडून स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला.

बागेचा कारभार मालकांचे जावई पाहायचे. बाई अकरा वाजता त्यांच्या ऑफिसात गेल्या. जावयांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"काल तुमच्या बागेत फवारणी झाली," बाई म्हणाल्या. "वाऱ्याने सगळं औषध माझ्या तुतीवर आलं. माझ्या सगळ्या अळ्या मेल्या."

"अरेरे," जावई म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच वाईट वाटल्यासारखा झाला. "पण काल फवारणी नव्हती हो."

"नव्हती?"

"काल ब्लोअर दुरुस्तीला होता. हे बघा." त्यांनी वही पुढे केली. कालच्या तारखेपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'ब्लोअर देखभाल'. "आजूबाजूला किती शेतं आहेत, बाई. कुणाचं औषध कुठून उडालं, कसं सांगणार? वारा काय आमच्या पगारावर आहे?"

बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद टाइप केले होते. खोटी नोंद त्यांना वासावरून कळायची. त्या पाणी न पिताच उठल्या.

त्याच दुपारी त्यांनी कृषी कार्यालयासाठी अर्ज टाइप केला. तारीख, वेळ, पाला कापल्याची जागा, अळ्यांची लक्षणं, जावयांचं उत्तर. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. चौथ्या दिवशी अधिकारी आला. सर्दीने बेजार झालेला तरुण माणूस, पण काम नीट करणारा. त्याने पट्ट्यात चार ठिकाणची पानं पिशव्यांत भरली, खड्डा उकरून मेलेल्या अळ्या बाटलीत घेतल्या.

"तपासणीत औषध निघेल, मला शंका नाही," तो नाक पुसत म्हणाला. "पण ते त्या बागेतूनच आलं, हे कुणीतरी सांगायला हवं. कुणी पाहिलंय?"

"पाहिलं नाही कुणी."

"ड्रायव्हर कोण आहे त्यांचा?"

बाई म्हणाल्या, "आहे एक. पण त्याची भाकरी तिथं आहे."

अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं.

भोंगा कुंपणाकडे येईनासा झाला. ट्रॅक्टरचा आवाज यायचा, झाडांमधून लाल रंग सरकताना दिसायचा, पण या बाजूच्या ओळीत आला की भोंगा मान पलीकडे वळवायचा. पहिल्या दिवशी बाईंना राग आला. त्या मुद्दाम कुंपणाशी उभ्या राहिल्या. तो वळून पाहीना, तशा परत आल्या. पुढे पुढे राग ओसरला आणि मागे नुसती वाट पाहणं उरलं, ते जास्त वाईट होतं. एका सकाळी दूधवाल्याने "उद्या सुट्टी आहे, आजच जास्त देऊ का?" असं विचारलं. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर घशातून आवाजच फुटेना. दोनदा खाकरावं लागलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, रविवारच्या फोननंतर आज बुधवारपर्यंत त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

मुलीला त्यांनी अळ्यांचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं, आई, आता सोड ते व्याप. इकडे ये थोडे दिवस." बाई म्हणाल्या, "बघू." मग दोघी हवामानावर आल्या.

एकविसाव्या दिवशी कृषी कार्यालयात सुनावणी होती. लांबट खोली, एक मोठं टेबल, भिंतीला लागून फायलींची कपाटं. बाई वेळेआधी जाऊन बसल्या. जावई आले. त्यांच्या मागून भोंगा आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. तो बाईंच्या समोर बसला आणि टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मधे फक्त टेबल होतं. इतक्या जवळून बाईंनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पापण्या लाल होत्या आणि मनगटावर चट्टे होते.

अधिकाऱ्याने तपासणीचा अहवाल वाचला. पानांवर कीटकनाशक सापडलं होतं. संत्र्यावरच्या मावा किडीसाठी मारतात तेच.

"आमची वही समोर आहे," जावई म्हणाले. "आणि हा आमचा ड्रायव्हर. त्यालाच विचारा. काय रे, त्या दिवशी ब्लोअर बंद होता ना?"

भोंग्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं नाही असं त्याने दाखवलं. जावयांनी त्याच्या चांगल्या कानाशी वाकून तेच पुन्हा सांगितलं.

"फवारलं!" भोंगा म्हणाला.

त्याला हळू बोलता येतच नव्हतं. खोली दणाणली. बाहेरच्या बाकावरची दोन माणसं दारातून डोकावली.

"त्या दिवशी फवारलं, साहेब! मीच फवारलं! वारा होता! मी म्हटलं, कुंपणाकडच्या तीन ओळी उद्या पहाटे करतो. हे म्हणाले, व्यापारी बाग बघायला यायचेत, आजच उरकून टाक. ब्लोअरनेच मार म्हणाले. मी मारलं!"

"अरे, हळू," जावई म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी आधी गेलो होतो सांगायला!" आता भोंगा बाईंकडे बघत होता. "फाटकाशी दोनदा हॉर्न दिला, मावशी! तुम्ही आला नाहीत! मला वाटलं झोपला असाल, बरं नसेल! मी... आत यायला पाहिजे होतं. कपडे औषधाचे होते म्हणून नाही आलो!"

बाईही ओरडल्या, कारण त्याशिवाय त्याला कळणार नव्हतं. "दाखला द्यायला गेले होते रे! तालुक्याला!"

"कसला दाखला?"

"जिवंत असल्याचा!"

अधिकाऱ्याने रुमाल नाकाला लावला आणि तो बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. पुढच्या खेपेची अंडी आणि खोली निर्जंतुक करायची औषधं बागेने द्यायची. फवारणीआधी एक दिवस कळवायचं. वारा असताना ब्लोअर लावायचा नाही. आणि कुंपणाला लागून बागेच्या खर्चाने उंच वाढणारी झाडं दाट लावायची, उडालेलं औषध अडवायला. जावयांनी सही केली. बाहेर पडण्याआधी ते भोंग्याला ट्रॅक्टरची किल्ली टेबलावर ठेवायला सांगत होते, ते बाईंनी ऐकलं. तो शांतपणे खिसे चाचपत होता.

दुसऱ्याच दिवशी बाई पुन्हा बागेच्या ऑफिसात गेल्या. या वेळी खुर्ची कुणी दिली नाही.

"मी तक्रार मागे घेते," त्या म्हणाल्या. "मला अंडी नकोत, झाडंही नकोत. त्याला परत घ्या."

"तुमची तक्रार राहू दे आता," जावई म्हणाले. "अख्ख्या कार्यालयासमोर त्याने मला तोंडघशी पाडलं. आणि खरं सांगू? त्याला ऐकू येत नाही, खोकतो, उद्या ट्रॅक्टरवरच काही झालं तर? आज ना उद्या काढायचाच होता."

बाईंना वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा. त्यांनी तो उचलला नाही. त्या घरी आल्या आणि दिवसभर भांडी घासत बसल्या, स्वच्छ असलेलीसुद्धा.

शनिवारी दुपारी भोंगा आला. फाटकातून आला, आंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत. पायरीवर चपला काढून उभा राहिला.

"आज अंगावर काही नाही, मावशी! आत येऊ?"

तीन वर्षांत पहिल्यांदा तो घरात आला. बाईंनी चहा केला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, घर इकडून तिकडून पाहिलं. मग म्हणाला, "लेकरांची खोली कुठली?"

बाईंनी दार उघडलं. मांडण्या धुऊन, वाळवून रचून ठेवल्या होत्या. चुन्याचा वास होता. भोंगा आत गेला, एका मांडणीवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले तसं बाईंना आधी वाटलं, खोकतोय.

"माझ्या हातून झालं," तो म्हणाला. आणि या एका वेळी त्याचा आवाज लहान निघाला.

"तू येऊन खरं सांगितलंस," बाई त्याच्या कानाशी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

"ते एकवीस दिवस उशिरा सांगितलं!"

ते खरं होतं, हे बाईंनाही कळत होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट नवा होता, अजून कडक.

तो बहिणीच्या गावी निघाला होता. तिथल्या पिठाच्या गिरणीत काम मिळणार होतं. "तिथं तसंही कुणाला काही ऐकू येत नाही!" तो म्हणाला आणि दोघं हसले. बाईंनी फोन नंबर मागितला. त्याने दिला, पण मान हलवली. "फोनवर मला काही कळत नाही, मावशी. नुसती घरघर येते. बहीण उचलेल."

जाताना त्याने पायरीवरून पट्ट्याकडे पाहिलं. "तुतीची खालून छाटणी करून घ्या! नवा पाला चांगला येईल!" असं ओरडून सांगितलं आणि गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत तो तीनदा मागे वळला. मग दिसेनासा झाला.

बाईंनी महिन्याभराने एकदा नंबर लावला. बहिणीने उचलला. कोण, कुठल्या, हे सांगण्यात वेळ गेला. तो गिरणीवर होता; बरा होता; खोकला कमी होता. "सांगते तुमचा फोन आला होता म्हणून," ती म्हणाली. बाई "हो, सांगा" म्हणाल्या. मग दोघींनी फोन ठेवला.

तुती छाटली होती. नवा पाला आला, अंडी आली, आणि पावसाळा सरता सरता मागच्या खोलीत पुन्हा कुरतडण्याचा आवाज सुरू झाला. बाई ताट घेऊन दारात बसल्या. पूर्वी जेवण व्हायच्या आत मन निवायचं. आता त्या जेवून उठल्या तरी आणखी कशाची तरी वाट पाहत असल्यासारख्या तिथंच रेंगाळायच्या. फवारणीच्या आदल्या दिवशी मोबाइलवर बागेचा मेसेज यायचा : 'उद्या स. ६ ते ९ फवारणी. कळावे.' बाई उत्तर टाइप करायच्या, एकही चूक न करता : 'कळले. आभारी आहे. आपला खोकला कसा आहे?' मग शेवटचं वाक्य पुसून पाठवायच्या.

कुंपणाला झाडं लावली गेली. ठरल्याप्रमाणे दाट, दोन ओळींत, गुडघ्याएवढी रोपं. लावणारी माणसं लावून गेली, त्यानंतर तिकडे कुणी फिरकलं नाही. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं तशी रोपं माना टाकू लागली. बाई रोज संध्याकाळी झारी घेऊन जायच्या आणि तारेतून हात घालून एकेकाला पाणी द्यायच्या.

अशाच एका संध्याकाळी नवा ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन त्या ओळीत आला. नव्या ट्रॅक्टरला काचेची बंद केबिन होती. आतला माणूस नीट दिसायचासुद्धा नाही. तो पहिल्यांदाच थांबला. काच खाली झाली. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, मधे डोळे तेवढे दिसत होते.

"काकू, ती रोपं बागेची आहेत. तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही घालू पाणी."

"घाला की," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गरजेपेक्षा फार मोठा निघाला. ड्रायव्हर जरा दचकला. "मी कुठं नको म्हणतेय? उतर खाली, पलीकडची ओळ तू घाल. मी झारी देते."

तो केबिनमधल्या घड्याळाकडे पाहून घेत म्हणाला, "आज नाही जमणार. उद्या माणूस पाठवतो."

काच वर गेली. ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला वळून शेडकडे निघून गेला. बाईंनी झारी पुन्हा भरून आणली आणि पुढच्या रोपापाशी वाकल्या.